मळीलाही चालेल, डोंगरालाही चालेल: ट्रॅक्टरचे मागचे टायर निवडताना

आमची चार एकर वाळवा तालुक्यात, कृष्णेच्या काठाला. काळीभोर मळी, म्हणजे नदीकाठची गाळाची जमीन. तिच्यात ऊस, आणि मधूनच एखादं वर्ष हळद. दुसरी अडीच एकर शिराळ्याच्या पश्चिमेला, चांदोलीच्या बाजूला, आईच्या माहेराकडून आलेली. तिथं तांबडी माती, उतारावर बांध घालून केलेली भाताची खाचरं, आणि शेताकडं जाणारी पाणंद पावसाळ्यात ओढ्यासारखी वाहते. ट्रॅक्टर मात्र एकच, ४५ हॉर्सपॉवरचा, साधा टू व्हील ड्राइव्ह. हंगामात तोच ट्रॉली जोडून कारखान्यावर जातो, म्हणजे डांबरीही आलीच.

कंपनीचे पहिले टायर संपले तेव्हा दुकानात जाऊन दिसायला सगळ्यांत दांडगे होते ते घेऊन आलो. खोल दातांचे, भाताच्या चिखलासाठी बनवलेले. शिराळ्यात चिखलणीला ट्रॅक्टर असा चालला की शेजारचे बांधावर येऊन उभे राहिले. मग दिवाळी झाली, कारखाना सुरू झाला. चार महिने डांबरीवर ऊस ओढल्यावर दातांच्या कडा साबणासारख्या गोल झाल्या, आणि रस्त्याला ट्रॅक्टर इतका थरथरायचा की सीटखालचा एक नट कधी गळून पडला ते मला दोन दिवसांनी कळलं. यात दुकानदाराचा दोष नव्हता. त्यानं विचारलं होतं, “दादा, रोडचं काम किती हाय?” मीच म्हणालो होतो, “तसं काय जास्त नाही.”

ज्यांच्या ट्रॅक्टरचे पहिले टायर संपत आलेत आणि ज्यांची जमीन अशीच खाली-वर वाटलेली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आपल्या सांगली-सातारा या दोन जिल्ह्यांत असे पुष्कळ आहेत. महाबळेश्वरात वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्यात माणला ५००च्या आसपास. सांगलीत शिराळा आणि जत यांच्यातही असंच जमीन-अस्मानाचं अंतर. त्यामुळं पंजाबातल्या सपाट रानातले व्हिडिओ बघून टायर ठरवू नका. तिथं ते टायर चांगलेच असतील, पण तिथं पाणंद चढायची नसते.

पहिलं काम: तासांची वही

दुकानात जायच्या आधी महिनाभर तरी ट्रॅक्टरच्या मीटरवरचे तास लिहून काढा. कोणतं काम, कोणत्या जमिनीत, किती तास, एवढंच. वर्षाचा अंदाज त्यावरून आणि मागच्या डिझेलच्या पावत्यांवरून बांधता येतो. मी काढला तेव्हा माझंच मला हसू आलं. वर्षाच्या साधारण ७०० तासांत ३५० तास ट्रॉली घेऊन रस्त्यावर, अडीचशे काळ्या रानात, आणि ज्या डोंगरातल्या शेतासाठी मी खोल दात घेतले होते तिथं जेमतेम १००.

टायर झिजतो तो जास्त तासांच्या कामानं. म्हणून निवड त्या कामाप्रमाणं करायची आणि थोड्या तासांच्या कामाला दुसऱ्या युक्त्या वापरायच्या: हवा, वजनासाठी टायरात भरलेलं पाणी, आणि केजव्हील, म्हणजे चिखलात लावायची पिंजऱ्यासारखी लोखंडी चाकं. त्या पुढं सांगतो.

एक गोष्ट मात्र तासांवर सोडायची नाही, ती म्हणजे उतार. वर्षाला १० तासच डोंगरात जात असाल, पण त्यातला एक तास भरलेली ट्रॉली घेऊन ओल्या तांबड्या उतारावरून खाली यायचं असेल, तर टायरची किमान पकड तो एक तास ठरवतो. झिजलेला टायर मळीत फक्त डिझेल खातो. उतारावर तो माणसाला घेऊन जातो.

टायरच्या कडेवर काय लिहिलंय

मागच्या टायरच्या बाजूला १३.६-२८ असं काहीतरी दिसेल. १३.६ म्हणजे टायरची रुंदी इंचात, २८ म्हणजे रिमचा व्यास इंचात. मधे नुसती रेघ असेल तर टायर साधा, म्हणजे आतले दोऱ्यांचे पदर एकमेकांवर तिरके घातलेला. रेघेऐवजी ‘आर’ असेल तर रेडियल, त्यात पदर या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ जातात. तोच आकार नव्या पद्धतीनं ३४०/८५ आर २८ असाही लिहितात: रुंदी ३४० मिलिमीटर, टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ८५ टक्के. १४.९ला ३८०, १६.९ला ४२०. पुढं १२ पीआर वगैरे असतं, ती पदरांची ताकद. शेवटी ए ६ किंवा ए ८ लिहिलेलं असेल तर तो वेग: ए ६ म्हणजे तासाला ३० किलोमीटर, ए ८ म्हणजे ४०. ऊस ओढणाऱ्यानं हे शेवटचं अक्षर जरूर बघावं.

आपल्याकडं ४०-४५ हॉर्सपॉवरला १३.६-२८ सर्रास असतो, त्याच्या वरच्याला १४.९-२८, आणि ५५च्या पुढं १६.९-२८. तासगाव-मिरजेकडच्या द्राक्षवाल्यांच्या मिनी ट्रॅक्टरचं गणित वेगळं, ओळीत बसण्याचं. ते इथं धरलेलं नाही.

दात: खोल म्हणजे चांगला, हे खोटं

टायरवरच्या तिरक्या रबरी पट्ट्यांना दुकानदार लग म्हणतो, मी दात म्हणतो. निवडीचं निम्मं शहाणपण इथंच आहे, म्हणून जरा सावकाश.

पाऊस पडून गेल्यावर तिसऱ्या दिवशी काळ्या रानात ट्रॅक्टर घाला आणि बाहेर आल्यावर मागचं चाक बघा. दातांमधल्या खाचा दिसतच नाहीत. सगळं चाक मातीनं लिंपलेलं, कुंभाराच्या चाकासारखं गुळगुळीत. दात दोन इंचांचा असो की सव्वा इंचाचा, तो आत गाडला गेलाय. जमिनीला लागतेय ती माती. काळ्या चिकणमातीत दाताच्या खोलीपेक्षा दोन दातांमधलं अंतर महत्त्वाचं, आणि ती खाच कडेला मोकळी उघडणारी हवी. चाक फिरलं की माती बाहेर फेकली गेली पाहिजे. दाट दातांचा टायर रस्त्यावर छान पळतो, पण ओल्या मळीत पहिल्या दहा फुटांत भरतो. २०१९च्या महापुरानंतर आमच्या रानात गाळ साचला होता, तेव्हा गल्लीतल्या सगळ्या ट्रॅक्टरांत फरक होता तो एवढाच: कुणाचा टायर स्वतःला साफ करत होता आणि कुणाचा नाही. अर्थात काळ्या रानाला खरा उपाय वापसा, म्हणजे माती कामाजोगी सुकणं, येईपर्यंत थांबणं हाच आहे. ओल्यात घातलेल्या चाकानं जमीन अशी दबते की पुढचा खोडवा, म्हणजे तोडलेल्या बुडख्यातून फुटलेला ऊस, ते वर्षभर सांगत राहतो.

डोंगराकडची तांबडी माती वेगळी वागते. वरची चार बोटं लोण्यासारखी होतात, खाली मात्र टणक असतं. इथं खोल दात कामाला येतो, कारण तो वरचा चिखल कापून खालच्या घट्ट थरापर्यंत पोचतो. भाताच्या खाचरात तर हेच पाहिजे. पण त्याच डोंगरात मुरमाड आणि दगडगोट्यांचा पट्टा लागला की उंच दात वाकतात, त्यांचे कोपरे तुकड्यातुकड्यांनी उडतात. मुरमाला बुटका, रुंद, जाड दात बरा.

आणि डांबर. डांबरीवर दातांशिवाय काहीच टेकत नाही, सगळं वजन त्या तेवढ्या रबरावर. दात जितके उंच आणि विरळ, तितका थरथराट जास्त आणि झीज जास्त. दात टायरच्या मध्यरेषेवर एकमेकांच्या पुढं जाऊन थोडे अडकलेले असतील आणि त्यांची तिरीप चालण्याच्या दिशेला झुकलेली असेल, तर टायर रस्त्यावर सलग फिरतो. मधे मोकळी पट्टी असेल तर धडधडतो.

टायरवर यासाठी खुणा असतात. आर-१ म्हणजे नेहमीचा शेतीचा टायर, १३.६-२८च्या नव्या टायरला दात सव्वा इंचाच्या आसपास. आर-१ डब्ल्यू म्हणजे तोच प्रकार, दात साधारण पाव पट जास्त खोल. आर-२ म्हणजे भात आणि दलदलीसाठी, दात आर-१च्या जवळजवळ दुप्पट. माझ्यासारखं निम्मं काम रस्त्यावर असेल तर आर-१ घ्या, फार विचार करू नका. रस्ता चौथ्या हिश्श्याच्या आत असेल आणि ओल्या रानाचं, चढाचं काम भरपूर असेल तर आर-१ डब्ल्यू. पाटण-जावळीकडं बहुतेक काम खाचरातच असेल आणि डांबरीला ट्रॅक्टर फक्त ओलांडायला येत असेल, तरच आर-२. मी केलं तसं चिखलातल्या आठ दिवसांसाठी वर्षभराचा टायर घेऊ नका. त्या आठ दिवसांना लोखंडी केजव्हील भाड्यानं मिळतात. फक्त ती खाचराशी नेऊन लावायची. ती लावून डांबरी तुडवली तर गावकरी आणि बांधकाम खातं दोघंही मागं लागतात.

रुंदीचा मोह

१३.६ऐवजी १६.९ घातला की ट्रॅक्टर रुबाबदार दिसतो, हे खरं. पण रिमची रुंदी ठरलेली असते आणि टायर तिच्यावर नीट बसला पाहिजे. शिवाय मोठा टायर म्हणजे आपोआप मोठा गिअर: एका फेऱ्यात जास्त अंतर, आणि ओढायची ताकद तेवढी कमी. चढाला हेच नडतं. पुस्तिकेत तुमच्या मॉडेलला जे दोन-तीन आकार दिलेत, त्यांच्यातच राहा.

त्या दोन-तिनांत रुंद घ्यायचा की अरुंद? रुंद टायर मऊ जमिनीवर कमी रुततो आणि कमी दाबतो. अरुंद टायर टणक थरात चांगला घुसतो आणि उभ्या पिकात सांभाळून जातो. तुमची सरी साडेचार-पाच फुटांची असेल तर १४.९ आरामात जातो. जुन्या अरुंद सऱ्या असतील तर भर लावताना उसाचे कोंब तुडवले जातील. आधी सरी मोजा.

दोन चाकांमधलं अंतरही बदलता येतं, हे कित्येकांना ट्रॅक्टर जुना झाल्यावर कळतं. मागची रिम आणि डिस्क उलटसुलट जोडून ते कमी-जास्त होतं. उतारावर आडवं चालायचं असेल तर चाकं एकमेकांपासून जितकी लांब तितका ट्रॅक्टर कलंडायची भीती कमी. डोंगरात जाताना दर वेळी कुणी ते उलटत बसत नाही, म्हणून पीक चालू देईल तेवढं अंतर कायमचंच रुंद ठेवावं.

रेडियल की साधा

रेडियल महाग. त्याच्या बदल्यात तो कमी हवेत जमिनीला जास्त टेकतो, रस्त्यावर कमी तापतो आणि जास्त टिकतो. त्याची बाजू मात्र पातळ असते. तुटलेल्या उसाचे बुडखे, बांधावरचे दगड, बाभळीचा काटा यांना ती लवकर दाद देते. डोंगरातल्या पाणंदीत मी साधाच बरा समजतो. रस्ताच रस्ता असेल तर रेडियलचे पैसे वसूल होतात. रेडियल घेतलात तर एक लक्षात ठेवा: त्याचं पोट जरा सुटलेलं दिसतं, ते तसंच असतं. कमी हवा समजून पंक्चरवाल्यानं हवा मारली की रेडियल घेतल्याचा उपयोग संपला.

फोर व्हील असेल तर

फोर व्हील ड्राइव्हमध्ये पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित जास्त ओढतील असा हिशेब कंपनीनं गिअरमध्ये करून ठेवलेला असतो. मागचे नवे घातले, पुढचे झिजलेले ठेवले, किंवा एकाचा आकार बदलला, की तो हिशेब मोडतो. मग पुढचे दात विचित्र झिजतात आणि पुढच्या एक्सलवर ताण येतो. दोन कंपन्यांचे एकाच आकाराचे टायरसुद्धा घेरात सारखे नसतात. दुकानात सुतळी गुंडाळून मोजा, लाजू नका. कोरड्या डांबरीवर फोर व्हील बंद. ओला उतार उतरताना मात्र चालू ठेवा, म्हणजे इंजिनाचा अडसर चारही चाकांना मिळतो. ब्रेक सहसा मागच्याच चाकांना असतात.

घेताना आणि बसवताना

टायरच्या बाजूला एका चौकटीत चार आकडे शोधा. ३२२४ असेल तर तो २०२४ सालच्या ३२व्या आठवड्यात बनलाय. दोन-तीन वर्षं दुकानाबाहेर उन्हात पडलेला टायर स्वस्त मिळतो, पण दातांच्या मुळाशी बारीक चिरा दिसतात का ते वाकून बघा. जोडीनंच घ्या. ट्यूबही नवी घ्या. जुन्या ट्यूबला घड्या पडलेल्या असतात आणि ती नव्या टायरात तिथंच फुटते.

बसवताना समोर उभं राहा. रिमवरचा गंज तारेच्या ब्रशनं घासून काढायला लावा, विशेषतः आधी टायरमध्ये पाणी भरलेलं असेल तर. टायर सरकायला साबणाचं पाणी लावायचं. जळकं ऑइल किंवा डिझेल लावलं की रबर खराब होतं. थोडी हवा भरायची, सगळी सोडायची, मग पुन्हा भरायची, म्हणजे ट्यूबच्या घड्या निघतात. टायर रिमच्या कडेला बसत नाही म्हणून हवा वाढवत नेणं सगळ्यांत धोक्याचं. बहुतेक टायरवरच ३५ पीएसआयची (हवेच्या दाबाचं माप) मर्यादा छापलेली असते; बसला नाही तर हवा सोडून पुन्हा साबण लावायचा.

दिशेचा बाण बघा. बाण वाचता येत नसेल तर ट्रॅक्टरच्या मागं उभे राहा: दात घराच्या छपरासारखे, टोक वर केलेले दिसले पाहिजेत. उलटे बसले तर माती बाहेर न जाता मधे गोळा होते.

हवा, पाणी आणि दहा फेरे

आता त्या युक्त्या. शेतात आमच्या मागच्या टायरांत १२ ते १४ पीएसआय हवा असते. ट्रॉली जोडून रस्त्याला लागायचं तर वाढवतो, पुस्तिकेत त्या वजनाला दिलीय तेवढी. शेतातल्या कमी हवेवर भरलेली ट्रॉली ओढली की टायरची बाजू सारखी दुमडते आणि तापते. कमी हवेची एक खूण सोपी आहे. ट्यूबचा व्हॉल्व्ह सरळ उभा न राहता तिरका झुकला, की टायर रिमवर सरकतोय आणि ट्यूबला सोबत ओढतोय. अजून दोन दिवस दुर्लक्ष केलं तर व्हॉल्व्ह मुळातून फाटतो. बरोबर हवा किती, हे रस्त्यावर कळतं: टायरवर आडवी खडूची जाड रेघ ओढा आणि थोडं अंतर सरळ चालवा. रेघ फक्त मधे पुसली तर हवा जास्त, फक्त कडेला पुसली तर कमी.

पाणी भरताना व्हॉल्व्ह सगळ्यात वर आणून त्या पातळीपर्यंत भरतात, म्हणजे टायर साधारण पाऊण भरतो. १३.६-२८मध्ये त्यात दीडशे लिटरच्या आसपास पाणी मावतं. दोन्ही चाकं मिळून तीनशे किलो वजन, आणि तेही खाली. नांगराला आणि उताराला दोन्हीकडं याचा फायदा. रस्त्याला उगाच ओझं आणि ब्रेकला जास्त काम. पंक्चरवाला त्या दिवशी तुमच्याकडं कसा बघतो, ते वेगळंच.

पाणी हवं की नको, हे अंदाजानं ठरवू नका. चाकावर खडूची खूण करा, नांगर लावून मागचं चाक बरोबर दहा फेरे फिरेपर्यंत चाला आणि सुरुवात-शेवटाला काठ्या रोवा. आता नांगर उचलून तेवढंच अंतर चाला आणि फेरे मोजा. नऊ भरले तर टायर दहा टक्के घसरतोय, ते ठीक. साडेआठपर्यंत चालवून घ्या. आठ किंवा कमी भरले तर रबर आणि डिझेल रानात जिरतंय. वजन वाढवा किंवा नांगराची खोली कमी करा. साडेनऊच्या वर गेलं तर वजन उगाच जास्त आहे, काढा. मी पहिल्यांदा मोजलं तेव्हा साडेसात आले होते, तेही त्या दांडग्या खोल दातांवर, काळ्या रानात.

डोंगरात जायच्या दिवशी आणखी दोन गोष्टी. रस्त्याला आणि उताराला दोन्ही ब्रेकची पेडलं खिट्टीनं जोडलेली हवीत. शेतात वळायला ती सुटी केलेली असतात आणि तशीच राहून जातात. आणि खालचा गिअर उतार सुरू व्हायच्या आधी टाकायचा. मधे क्लच दाबला की मागची ट्रॉली ठरवते कुठं जायचं.

मी आता साधे आर-१ वापरतो, १३.६-२८, पावसाळ्याच्या तोंडाला पाणी भरतो आणि दिवाळीला काढतो. ती खोल दातांची झिजकी जोडी टाकली नाही. जुन्या बाजारातून दोन रिम घेतल्या आणि ती चढवून मामाच्या गोठ्यात ठेवलीय. तिचे दात अजून दीड इंच आहेत. चिखलणीला गेलो की दोघं मिळून दीडेक तासात चाकं बदलतो. उतरवलेलं पाणी भरलेलं चाक तेवढं आडवं पडू द्यायचं नाही. पडलं तर दोघांना उचलत नाही आणि तिसरा माणूस शोधायला खालच्या वाडीपर्यंत जावं लागतं.